फ्लोटप्लेन उलटलं तर जॅकेट कधी फुगवायचं?

फ्लोटप्लेन म्हणजे पाण्यावर तरंगण्यासाठी फ्लोट, म्हणजे होडीसारखे पोकळ तरंगते, लावलेलं विमान. अशा विमानाच्या, पाण्यावरून उड्डाण घेतानाच्या अपघातांबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्र. : पाणी आरशासारखं शांत असेल तर उड्डाण सोपं ना?
उलट. सपाट पाणी फ्लोटचा तळ धरून ठेवतं आणि धाव लांबते. एक फ्लोट आधी उचलून ती पकड सोडवता येते, पण हे प्रशिक्षक शेजारी असतानाच शिका.

प्र. : वॉटर रडर (पाण्यावर विमान वळवायची, फ्लोटच्या मागची सुकाणूं) कधी वर घ्यायचे?
धाव सुरू करण्याआधी.

प्र. : धावताना नाक वरखाली डुलू लागलं तर स्टिक (नाक वरखाली करणारा दांडा) पुढे दाबावी, असं मित्र म्हणतो.
मित्राचं ऐकू नका. पुढे दाबलंत की फ्लोटची टोकं पाण्यात घुसतात आणि विमान उलटू शकतं. स्टिक मागे धरा. दुसऱ्या उसळीपर्यंत डुलणं थांबलं नाही तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) बंद, स्टिक मागेच. आपल्या विमानाचं मॅन्युअल प्रशिक्षकासोबत वाचा.

प्र. : मी प्रवासी आहे. पाणी लागताच आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट घेतलंय. चांगलं ना?
विमानासाठी अजिबात नाही! बोटीवरचं जॅकेट 'विमानालाही चालतं' म्हणून विकणाऱ्यांचा मला संताप येतो. विमान उलटून केबिनमध्ये पाणी भरलं की हे जॅकेट आतच फुगतं. दार असतं खाली, तुम्ही तरंगून जाता वर, आणि फुगलेल्या जॅकेटसह बुडी मारता येत नाही. आपटण्यातून बचावलेली माणसं अशी आत अडकून बुडतात. जॅकेट दोरी ओढून फुगणारंच हवं, ते आधीपासून अंगावर हवं आणि फुगवायचं बाहेर पडल्यावरच. विमान स्थिरावेपर्यंत पट्टा सोडू नका. घाईने सोडलात तर उलट्या केबिनमध्ये दिशाच कळत नाही. हेडसेट काढा, एका हाताने दाराची कड घट्ट धरा, दार उघडा, मग पट्टा सोडा आणि धरलेल्या हाताच्या दिशेने बाहेर या. निघण्यापूर्वी दाराची कडी डोळे मिटून चाचपून पाहा. कुठलं जॅकेट घ्यायचं ते विमान चालवणाऱ्या कंपनीला विचारा, दुकानदाराला नव्हे.

प्र. : फ्लोटमधून रोज थोडं पाणी निघतं. उपसत राहिलं तर चालेल?
उपसायचं तर प्रत्येक उड्डाणाआधी असतंच. पण लिटरमागे एक किलो वजन वाढतं, तेही आत हिंदकळणारं. गळती रोजची असेल तर सीलंट फासून दिवस ढकलू नका, इंजिनियरला दाखवा.

प्र. : गेल्या आठवड्यात धावताना लाटेवर जोरात आपटलो. विमान नीट उडतंय. तपासणी पुढच्या सर्व्हिसिंगला केली तर?
आठवडा आधीच वाया घालवलात. फ्लोट धरून ठेवणारे स्ट्रट (दांडे), ब्रेस वायर (ताणाच्या तारा), जोडांचे बोल्ट यांतला तडा वरवर दिसत नाही. विमान आजच उभं करा. इंजिनियरने तपासून लॉगबुकात सही करेपर्यंत उडू नका.