पाचवा पिचर कोणता निवडावा?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. जानेवारीत आमच्या मुलांना सहा दिवसांच्या बेसबॉल स्पर्धेत उतरायचे आहे. पहिले चार दिवस रोज एक साखळी सामना, पाचव्या दिवशी उपान्त्य आणि सहाव्या दिवशी अंतिम सामना असे वेळापत्रक असून प्रत्येक सामना सात इनिंगचा आहे. सामन्याची सुरुवात करण्यासाठी चार पिचर (बॅटरला चेंडू टाकणारे) पक्के आहेत. पाचव्या जागेसाठी तिघांचा विचार चालू आहे. पहिला मुलगा गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांमधला नावाजलेला वेगवान गोलंदाज असून त्याचा वेग पाहून सगळेच थक्क होतात, मात्र सरावात त्याच्या ६० चेंडूंपैकी २९च स्ट्राइक, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत (स्ट्राइक झोनमध्ये), पडले. दुसरा डावखुरा आहे, त्याचा वेग बेताचा, पण ६० पैकी ३९ स्ट्राइक. तिसरा आमचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा. संघातला सर्वांत दमदार हात त्याचाच. तिघेही सतरा वर्षांचे आहेत. गावकऱ्यांचा कौल वेगवान मुलाकडे आहे. आपण कोणाला निवडाल?
– एक क्रीडाशिक्षक, ता. दारव्हा

उत्तर : कॅचरचे नाव प्रथम बाजूला ठेवू. कॅचर प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकतो, शिवाय बेस चोरणाऱ्या, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणाऱ्या, धावपटूला बाद करण्यासाठी पूर्ण ताकदीने दुसऱ्या बेसवर फेकतो, त्यामुळे पिचरच्या खालोखाल फेकीचा भार त्याच्याच हातावर पडतो. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी तरुण खेळाडूंसाठी ‘पिच स्मार्ट’ नावाची जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत, त्यांतही एकाच मुलाने पिचर आणि कॅचर अशी दोन्ही कामे करू नयेत असे सांगितले आहे. हात दमदार आहे म्हणूनच तो जपला पाहिजे.

आता उरलेल्या दोघांविषयी. निवड करताना आपण या मुलांचा सर्वोत्तम चेंडू पाहता आहात आणि गावकरीही तोच पाहत आहेत. पहिल्या क्रमांकाच्या पिचरसाठी ही कसोटी चालेल. पाचव्याच्या बाबतीत मात्र त्याचा सामना संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याजवळ किती ताजे हात शिल्लक राहतात, हे पाहायचे असते. मेजर लीगमधील व्यावसायिक संघ सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळतात आणि तिथेही पाचव्या पिचरकडून पराक्रमाची अपेक्षा कोणी ठेवत नाही. त्याने पाच-सहा इनिंग सांभाळाव्यात आणि मदतीला येणाऱ्या रिलीव्हर मंडळींना दमवू नये, एवढीच अपेक्षा असते.

आपल्या वेगवान मुलाचा हिशेब करून पाहा. निम्म्याहून अधिक चेंडू स्ट्राइक झोनबाहेर पडत असतील तर चार बॉल होऊन बॅटर फुकट पहिल्या बेसवर जाणार, आणि एका इनिंगला पंधरा-सोळा चेंडू लागायचे तिथे पंचवीस लागणार. तीन इनिंगमध्येच पाऊणशे चेंडू खर्च झाले की उरलेल्या चार इनिंग कोणी टाकायच्या? छोट्या संघात वेगळे रिलीव्हर नसतात, म्हणजे उद्या-परवा सुरुवात करणाऱ्यांनाच आज उभे करावे लागणार. वर उल्लेखलेल्या तत्त्वांनुसार १७-१८ वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ चेंडू टाकले तर एक दिवस, ४६ ते ६० टाकले तर दोन दिवस, ६१ ते ८० टाकले तर तीन दिवस आणि ८१ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती हवी. एका दिवसाची कमाल मर्यादा १०५ चेंडूंची. म्हणजे त्याला सावरण्यासाठी आलेल्या मुलाने चाळीस चेंडू टाकले की त्याचा दुसऱ्या दिवसाचा सामना हातचा गेला. एका मुलाच्या तीन इनिंगपायी सहा दिवसांचे सारे नियोजन विस्कटते. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे. उपान्त्य फेरीच्या सकाळी एक दुखरा खांदा आणि एक अर्धा दमलेला मुलगा एवढेच माझ्या हाताशी उरले होते, आणि दोघेही माझ्याकडे पाहत होते.

डावखुऱ्याचा हिशेब वेगळा निघतो. पाच इनिंग म्हणजे १५ बाद. मध्ये पाच-सहा बॅटर बेसवर पोहोचले तरी त्याला २०-२१ बॅटरांनाच तोंड द्यावे लागेल, म्हणजे नऊ जणांच्या क्रमाच्या दोन फेऱ्या आणि वर दोन-तीन जण. हे महत्त्वाचे अशासाठी की, एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना बॅटर सर्वसाधारणपणे अधिक चांगले फटके मारतात, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांना त्याच्या चेंडूची सवय झालेली असते. आपल्याला त्याला त्या तिसऱ्या फेरीत फार पुढे न्यायचेच नाही. पाच इनिंग झाल्या की त्याला थांबवावे, मग तो कितीही चांगला टाकत असो.

वेग बेताचा असल्याची चिंता फार करू नये. मेजर लीगमधील शिकागो कब्ज संघाचा पिचर काइल हेंड्रिक्स २०१६च्या हंगामाच्या सुरुवातीला रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या क्रमात, पाचवा होता. त्याचा वेगवान म्हणवला जाणारा चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या आसपास असे, तर त्या लीगची सरासरी दीडशेच्या घरात होती. तरीही नऊ इनिंगमागे २.१३ धावा ही त्या वर्षीची सर्वांत कमी सरासरी त्याचीच ठरली आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्याची सुरुवात त्यानेच केली. आपला मुलगा हेंड्रिक्स होईल असे मी म्हणत नाही. चेंडू हवा तिथे पडत असेल तर कमी वेगावरही निभावते, एवढेच यातून घ्यावे. शिवाय डावखुरा पिचर चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात पहिल्या बेसकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे तिथला धावपटू सहजासहजी बेस चोरू शकत नाही. संथ चेंडूवर बेस चोरण्याचा जो धोका असतो, तो अशा रीतीने बराच कमी होतो.

तरीही केवळ ६० चेंडूंच्या एका सरावावर निर्णय घेऊ नये. दोघांनाही प्रत्यक्ष बॅटर उभे करून टाकायला लावा. दर इनिंगनंतर दहा-पंधरा मिनिटे बसवा आणि मग पुन्हा उभे करा, कारण अंग निवल्यावर अनेक मुलांचा पहिला चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जातो. चाळिसाव्या चेंडूनंतर हात खाली येतो का, पहिल्या बेसवर धावपटू असताना गडबड होते का, हे पाहा. शंभरात साठ-बासष्ट स्ट्राइक टिकत असतील तर तेवढ्यावर काम भागते. आणखी एक गोष्ट मैदानाची. आपल्याकडे काळ्या मातीवर मुरूम टाकून पिचरचा उंचवटा करतात, तो दोन दिवसांत पुढच्या पायाखाली खचतो आणि चांगल्या मुलाचाही नेम चुकू लागतो. नियमातली उंची १० इंच आहे, ती रोज सकाळी मोजून, पाणी शिंपडून, धुमसून घ्यावी. अन्यथा दोष मुलावर येतो आणि चूक मातीची असते.

क्रमाविषयीही थोडे सांगतो, कारण पाचवा पिचर म्हणजे पाचव्या दिवशीचा पिचर असे समजले तर आपला उपान्त्य सामना त्याच्या गळ्यात पडेल. पहिल्या दिवशी आपला पहिल्या क्रमांकाचा पिचर खेळवावा. त्याने ८५-९० चेंडू टाकले तरी चार दिवसांच्या विश्रांतीनंतर तो अंतिम सामन्याला मोकळा होतो. मधल्या तीन साखळी सामन्यांत तिसरा, चौथा आणि पाचवा वापरावा. त्या तीन सामन्यांपैकी सर्वांत दुबळा प्रतिस्पर्धी ज्या दिवशी असेल, तो दिवस डावखुऱ्याचा. असे केल्याने दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा उपान्त्य सामन्यासाठी पूर्ण ताजा राहतो. चार पिचरांतही ही स्पर्धा कागदावर बसवता येते, परंतु त्यासाठी पहिल्या दोन दिवसांच्या दोन्ही पिचरांना ८० चेंडूंच्या आत रोखावे लागते आणि एखादी लांबलेली इनिंग तो हिशेब मोडून टाकते. पाचवा मुलगा हवा तो यासाठीच.

वेगवान मुलाला मात्र नाराज करू नका. शेवटच्या एका इनिंगसाठी तो उत्तम शस्त्र आहे. ३० चेंडूंपर्यंत त्याला विश्रांतीच्या दिवसाची गरज नाही; फक्त सलग तीन दिवस त्याला उभे करू नये. क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून टाकण्याची सवय झालेल्या मुलाला कोपर वाकवून फेकायला शिकावे लागते आणि या फेकीत कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. हाच अस्थिबंध तुटल्यावर १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर जी शस्त्रक्रिया झाली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून हा मुलगा रविवारी बक्षिसाच्या क्रिकेट स्पर्धेत किती षटके टाकून येतो, हे त्याला विचारा आणि ती षटकेही मोजणीत धरा. तो लपवण्याची शक्यता आहे. अशा वेळी त्याच्या मित्रांना विचारावे.

प्रश्न : मी पहाटे साडेचार-पाचला उठून, शेतात जाण्यापूर्वी मोबाइलवर अमेरिकेतील बेसबॉल पाहतो. तिथे मार्चमध्ये पाचव्या पिचरवरून एवढी चर्चा होते आणि ऑक्टोबरच्या बाद फेरीत तो दिसेनासा होतो, असे का?
– एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : साखळीच्या हंगामात सामने जवळजवळ रोज असतात आणि सुरुवात करणाऱ्या पिचरला साधारण चार दिवसांची विश्रांती देतात, म्हणून पाच जण लागतात. बाद फेरीत प्रवासासाठी मध्ये सुट्टीचे दिवस येतात, त्यामुळे चौघांत, कधी तिघांतही भागते आणि पाचवा रिलीव्हर म्हणून मागे बसतो. हंगामातही सुट्टीचा दिवस आला की कित्येकदा त्याचीच पाळी वगळली जाते. पाच जणांची ही रीत फार जुनी नाही. १९७०च्या दशकापर्यंत अनेक संघ चौघांवर चालत. जपानमध्ये मात्र पिचरला सहसा आठवड्यातून एकदाच उतरवतात, म्हणून तिथे सहा जण लागतात. १९४८ साली बॉस्टन ब्रेव्हज संघाचा भरवसा वॉरन स्पॅन आणि जॉनी सेन या दोघांवरच एवढा होता की, या दोघांनी खेळावे आणि मधल्या दिवसांत पावसाने सामने रद्द करावेत, अशा अर्थाचे एक कवन तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आले होते. तो संघ आपल्या लीगचा विजेता ठरला आणि वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलँडकडून सहा सामन्यांत हरला.