माद्रिदला येतोयस? फाल्काओचे गोल बघितलेस, आता त्याचे करार बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या आयटी कंपनीत चार वर्षं झाली, आता कंपनी दोन वर्षांसाठी माद्रिदला पाठवतेय. तू कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉलचा नाद पेठेतूनच आलेला, आणि कोलंबियाचा स्ट्रायकर रादामेल फाल्काओ तुझा दैवत. तो अर्जेंटिना, पोर्तुगाल, स्पेन, मोनॅको, इंग्लंड, तुर्कस्तान असा फिरत राहिला, मग आपणही दर दोन वर्षांनी देश बदलावा, माद्रिदनंतर लंडन बघावं, असा बेत आहे. शिवाय लग्न ठरलंय, बायकोला इथे नोकरी करता येईल का, हेही विचारलंयस.

भावा, फिरायला माझी ना नाही. पण फाल्काओचं उदाहरण तू हायलाइट्सच्या व्हिडिओवरून घेतलंयस. तो कुठे गेला याहून कुठल्या कागदावर गेला, हे जास्त बघण्यासारखं आहे. तुझ्या कामाची गोष्ट तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांता मार्ता या समुद्रकाठच्या गावी १९८६ साली जन्म. वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू, बचावफळीतले; ब्राझीलच्या फाल्काओवरून पोराचं नाव ठेवलं. तेराव्या वर्षी हा कोलंबियाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि २००१ मध्ये, पंधराव्या वर्षी, घर सोडून अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला रिव्हर प्लेट क्लबच्या युवा संघात दाखल झाला. भाषा तीच, तरी देश परका. तिथे चार वर्षं वाट बघितल्यावर २००५ मध्ये मुख्य संघात पदार्पण, धडाधड गोल, आणि त्याच वर्षी गुडघ्याचा लिगामेंट गेला. पुढचं बरंचसं वर्ष बाहेर. फुटबॉल सांभाळून त्याने तिथे पत्रकारितेचं शिक्षणही घेतलं. २००८ मध्ये रिव्हरने क्लाउसुरा हे अर्जेंटिनाच्या लीगचं विजेतेपद जिंकलं तेव्हा प्रशिक्षक होता दिएगो सिमेओने. हे नाव लक्षात ठेव.

२००९ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तोने त्याला घेतलं. कशासाठी? त्यांचा स्ट्रायकर लिसांद्रो लोपेझ नुकताच फ्रान्सच्या लिओंला गेला होता आणि नऊ नंबरची जागा रिकामी होती. २०११ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदने ४ कोटी युरो मोजले. कशासाठी? आग्वेरो मँचेस्टर सिटीला गेला होता, जागा पुन्हा रिकामी. दोन्ही वेळा क्लबने त्याला विकत घेतलं, लांबचा करार केला, आणि संघाची रचना याच्याभोवती केली. मग काय झालं ते तुला पाठच असेल: २०१०-११ च्या युरोपा लीगमध्ये १७ गोल, डब्लिनच्या अंतिम सामन्यात ब्रागाविरुद्धचा एकमेव गोल याचाच. पुढच्याच वर्षी क्लब दुसरा, चषक तोच. बुखारेस्टमध्ये अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध सातव्या मिनिटाचा गोल पुन्हा एकदा सावकाश लावून बघ. पेनल्टी बॉक्सच्या उजव्या कडेला चेंडू मिळतो, समोर बिल्बाओचा बचावपटू आमोरेबिएता. आधी बाहेर जातोय असं दाखवतो, मग आत वळतो आणि डाव्या पायाने चेंडू वळवून लांबच्या वरच्या कोपऱ्यात. गोलरक्षक नुसता बघत राहतो. डगआउटमध्ये तोवर सिमेओने आलेला होता, ब्युनोस आयर्सपासून याला ओळखणारा. माझ्या मते माद्रिदमध्ये तो इतका लवकर रुळला त्याचं अर्धं श्रेय या ओळखीला आहे. अ‍ॅटलेटिकोसाठी ९१ सामन्यांत ७० गोल. २०१२ च्या युएफा सुपर कपमध्ये चेल्सीविरुद्ध हॅटट्रिक, आणि त्याच डिसेंबरात देपोर्तिवोविरुद्ध एका सामन्यात पाच.

२०१३ मध्ये मोनॅको. पैसा प्रचंड, वर मोनॅकोत आयकर नाही. पण क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला, चॅम्पियन्स लीग नाही. आणि २२ जानेवारी २०१४ ला फ्रेंच कपमध्ये एका छोट्या हौशी संघाविरुद्ध खेळताना गुडघा पुन्हा गेला. विश्वचषक हुकला. त्याच विश्वचषकात त्याचा मोनॅकोतला सहकारी हामेस रॉद्रिगेसने सहा गोल करून गोल्डन बूट नेला.

आता तुझा मुद्दा. सप्टेंबर २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेड, पुढच्या वर्षी चेल्सी. दोन्हीकडे तो ‘लोन’वर गेला, म्हणजे करार मोनॅकोचा, काम दुसऱ्याकडे. युनायटेडमध्ये रूनी आणि व्हॅन पर्सी हे स्ट्रायकर आधीच होते. २९ सामन्यांत ४ गोल, आणि मार्च २०१५ मध्ये अ‍ॅटलेटिकोच्या या हिरोला २१ वर्षांखालच्या संघातून खेळवलं गेलं. चेल्सीत पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर कोण, तर दिएगो कोस्टा, अ‍ॅटलेटिकोतला याचाच जोडीदार! तिथे अख्ख्या मोसमात एक गोल. लोक म्हणतात इंग्लिश फुटबॉल त्याला झेपलं नाही. गुडघा पूर्वीसारखा नव्हता हे खरंच. पण उसन्या आणलेल्या माणसाचा गुडघा बरा होईपर्यंत थांबायला कोणाला वेळ असतो? वर्षाच्या शेवटी तो परतच जाणार.

आणि परत गेल्यावर काय झालं बघ. २०१६-१७ मध्ये त्याच मोनॅकोने त्याला कप्तान केलं. २१ लीग गोल, पॅरिस सेंट-जर्मेनच्या नाकावर टिच्चून फ्रेंच लीगचं विजेतेपद, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, शेजारी अठरा वर्षांचा एम्बाप्पे. गडी तोच, गुडघाही तोच. फरक इतकाच की आता त्याच्यावर हक्क असलेल्या क्लबलाच तो हवा होता.

तुझं दोन वर्षांचं डेप्युटेशन म्हणजे हे लोनच आहे. वाईट नाही, पण ते लोन आहे हे समजून ये. क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळलं की तुला पुण्याला परत बोलावणार, आणि तेव्हा ‘मला इथे राहायचंय’ म्हणायला तुझ्या हातात कागद हवा. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हा विचार: परवाना कुठला काढताय? आयसीटी म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा असेल तर तो त्या कंपनीलाच बांधलेला असतो. स्पॅनिश कंपनीशी थेट करार करून उच्च कौशल्याचा परवाना किंवा ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय संघाचा परवाना) मिळत असेल, तर ती ट्रान्सफर, म्हणजे क्लब कायमचा बदलणं. पगार थोडा कमी दिसला तरी मी दुसरा पर्याय घेईन.

फाल्काओ आणि आपल्यात आणखी एक मोठा फरक आहे, जो कोणी सांगत नाही. स्पेनचं नागरिकत्व कोलंबियन माणसाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मागता येतं. जुन्या वसाहतींचं नातं म्हणून लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांना ही सवलत आहे, आणि त्यांना आपलं मूळ नागरिकत्वही सोडावं लागत नाही. आपल्याला दहा वर्षं. वर स्पॅनिशची ए-टू पातळीची परीक्षा, देशाच्या माहितीची २५ प्रश्नांची परीक्षा (१५ बरोबर यावे लागतात), आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही म्हणून आपला पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं कार्ड. ला लिगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा असते, त्यामुळे दक्षिण अमेरिकन खेळाडूला स्पॅनिश पासपोर्ट मिळाला की क्लबही खूश होतो. तुझ्या ऑफिसात असा कोटा नाही, पण शेजारच्या टेबलावरचा कोलंबियन सहकारी तुझ्यानंतर येऊन तुझ्याआधी नागरिक होईल. तेव्हा जळू नकोस, नियमच तसा आहे.

म्हणूनच दर दोन वर्षांनी देश बदलायचा बेत आपल्याला महाग पडतो. पाच वर्षं सलग राहिलास तर दीर्घ मुदतीचा परवाना मिळतो, मग नोकरी कुठलीही कर. दोन वर्षांनी लंडनला गेलास की तिथला हिशोब शून्यापासून, कारण ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, आणि इथली दोन वर्षंही वाया. फाल्काओसाठी वकील, एजंट, क्लब सगळे कागद घेऊन धावतात. आपल्याला अपॉइंटमेंटसाठी स्वतःच वेबसाइट रिफ्रेश करत बसावं लागतं.

कराचं तर नीट ऐक, कारण इथे फाल्काओही अडकला होता. २०१२ आणि २०१३ मधल्या प्रतिमाहक्कांच्या (जाहिरातींत नाव-चेहरा वापरू देण्याच्या हक्कांच्या) उत्पन्नावरून स्पेनच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर करचुकवेगिरीचा खटला भरला आणि शेवटी लाखो युरो भरून त्याला तो मिटवावा लागला. तुझे प्रतिमाहक्क नसले तरी पुण्यातला फ्लॅट, एफडी, शेअर्स असतीलच. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलास की तू इथला कर-रहिवासी, आणि परदेशातली मालमत्ता एका गटात ५० हजार युरोंच्या वर असेल तर ‘मोदेलो ७२०’ नावाचा फॉर्म जानेवारी ते मार्चमध्ये भरावा लागतो. यातून सुटका देणारी एक वाट आहे, तिला सगळे ‘बेकहॅम कायदा’ म्हणतात: नोकरीसाठी नव्याने आलेल्याला सहा करवर्षांपर्यंत ६ लाख युरोंपर्यंतच्या पगारावर सरसकट २४ टक्के कर, आणि ७२० ची कटकट नाही. अर्ज मात्र सोशल सिक्युरिटीत नाव लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गंमत म्हणजे फुटबॉलपटू बेकहॅमच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत आता खेळाडूंनाच मिळत नाही, तुला मिळू शकते. पगार मध्यम असेल तर आधी आकडेमोड करून घे. कमी पगारात साधा कर स्वस्त पडतो.

बायकोचं उत्तर सोपं आहे. उच्च कौशल्याच्या किंवा आयसीटी परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला राहण्याबरोबर काम करायचीही परवानगी मिळते. लग्नाची नोंदणी आधी उरकून घे. दाखला अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालेल असं सरकारी प्रमाणीकरण केलेला, आणि अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये केलेला हवा. नुसत्या पत्रिकेवर आणि फोटोंवर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. मात्र परवानगी मिळणं आणि नोकरी मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॅनिशशिवाय माद्रिदमध्ये आयटीबाहेर काम अवघड, तेव्हा दोघांनीही क्लास आजच लावा.

घराबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. पगाराच्या स्लिपा नसताना पहिलं भाड्याचं घर मिळवणं हे सगळ्यात मोठं डोकेदुखीचं काम. कायद्याने डिपॉझिट एका महिन्याचं, त्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची वेगळी हमी मागता येते. एजंटची फी २०२३ पासून घरमालकाने द्यायची आहे. तरी तुझ्याकडे मागतील, तेव्हा कायद्याचं नाव घे. आणि घराच्या पत्त्यावर महापालिकेत नोंद, म्हणजे ‘एम्पाद्रोनामिएंतो’, करू देतील का, हे पैसे देण्याआधी विचार. ती नसेल तर पुढचं बरंच अडतं.

कुठे राहावं? तुला मी वायेकास सुचवेन. दक्षिणेकडचा कामगारवस्तीचा भाग, भाडं मध्यवस्तीपेक्षा कमी, आणि फाल्काओ तुर्कस्तानच्या गलातासारायनंतर २०२१ मध्ये जिथे आला तो रायो वायेकानो क्लब तिथलाच. मेट्रो एक नंबर, पोर्तास्गो स्टेशनातून वर आलं की समोर मैदान. प्रेक्षकांचे स्टँड तीनच. चौथ्या बाजूला गोलपोस्टमागे भिंत आणि त्यामागे इमारती. तिथली बिऱ्हाडं बाल्कनीत खुर्च्या टाकून सामना फुकट बघतात. बरीच वर्षं तिकिटं ऑनलाइन विकत नसत म्हणून हा क्लब कुप्रसिद्ध, खिडकीपाशी रांगेतच उभं राहावं लागायचं. पेठेतल्या माणसाला त्यात काय अवघड? पस्तिशीत, तीन नंबरची जर्सी घालून फाल्काओने इथे पहिल्याच सामन्यात हेताफेविरुद्ध गोल केला. २७ ऑक्टोबर २०२१ ला बार्सिलोना १-० ने हरलं तो गोलही त्याचाच. त्याच रात्री बार्सिलोनाचा प्रशिक्षक कुमनची नोकरी गेली. तीन मोसम खेळून २०२४ मध्ये तो बोगोटाला, लहानपणापासून ज्याचा चाहता होता त्या मिलोनारिओसकडे गेला, त्यामुळे तो आता तुला इथे दिसणार नाही. पण आसपास लॅटिन अमेरिकन वस्ती भरपूर आहे, पिवळ्या जर्सीतले कोलंबियन भेटतील. त्यांच्याशी बोलताना २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा विषय काढ: दिल्लीत आपण त्यांच्याशी १-२ ने हरलो, पण जिक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातला पहिला गोल त्यांच्यावरच केला, आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. ओळख व्हायला इतकं पुरतं. किराण्यासाठी लावापिएस गाठ, तिथल्या बांगलादेशी आणि भारतीय दुकानांत डाळी, मसाले, पीठ मिळतं. कांदा-लसूण चटणी मात्र घरून आण.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरकडून तीन गोष्टी लेखी घे: परवान्याचा प्रकार, पगार भारतातून की स्पेनमधून, आणि दोन वर्षांनी इथल्याच कंपनीत कायम होण्याची तरतूद आहे की नाही. करार स्पॅनिशमध्ये असला तर पगाराचा आकडा झाकून मला पाठव, परीक्षाकाळाचं आणि नोटीस पिरियडचं कलम मी वाचून सांगतो.