वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचंय? मग एवढं करा

पुस्तकाबद्दल लिहायला बसलं की ‘आवडलं, पण का ते सांगता येत नाही’ असं होतं ना? सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं, तेव्हा बिनधास्त लिहा.

पुस्तक मिटल्यावर दोन दिवसांच्या आत चार ओळी खरडाच. वाचताना जिथे थबकलात तो पान क्रमांक चिठ्ठीवर टिपा. वाचनालयाच्या पुस्तकावर मात्र पेन्सिलसुद्धा नको.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते बघा. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. देवयानीचं ऐकताना मला तिचा राग पटत होता. शर्मिष्ठा बोलू लागली आणि मन पलटलं. तुमचं मन कुठे पलटलं, एवढं लिहिलंत तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं. या कादंबरीला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं म्हणून दबून जाऊ नका. भाषा फार अलंकारिक वाटली तर तसं लिहा, फक्त सोबत एखादं वाक्य दाखवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शेवटासकट अख्खं कथानक सांगून टाकतात.
- ‘अप्रतिम’ किंवा ‘भिकार’ म्हणून मोकळे होतात, कारण देत नाहीत.
- अर्धवट सोडलेलं पुस्तक पूर्ण वाचल्यासारखं लिहितात. ‘ऐंशीव्या पानावर सोडलं, कारण...’ हेही प्रामाणिक मतच आहे. मला तर अशी मतं जास्त उपयोगी पडली आहेत.

समीक्षेची परिभाषा आत्ता नको. आधी पाच पुस्तकांवर लिहा, मग त्याबद्दल बोलू.