बालाघाटाचे डोंगर माथ्यावर इतके सपाट का आहेत? ते विझलेले ज्वालामुखी आहेत का?

नाहीत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. पुढे उत्तरेकडून गोदावरीच्या व दक्षिणेकडून भीमेच्या उपनद्यांनी तो कोरून नेला आणि मध्ये उरला तो बालाघाट. एकट्या पाटोदा तालुक्यातून मांजरा गोदावरीकडे जाते, तर सौताड्याला कड्यावरून कोसळणारी विंचरणा सीनेमार्गे भीमेला मिळते. मांजरेचा उगम सुमारे 823 मीटर उंचीवर आहे आणि पायथ्याचे बीड शहर 500 मीटरच्या आसपास, एवढाच काय तो या डोंगरांचा रुबाब.

या प्रश्नावरून आमच्या घरात मोठा वाद झालेला आहे. घाटावरच्या आमच्या शेतात विहीर खोदायचे ठरले, तेव्हा आमचे चुलते, म्हणजे आप्पा, यांचे ठाम म्हणणे होते की डोंगर ज्वालामुखीचा असल्यामुळे त्याचे पोट पोकळ आहे आणि त्यात पाणी साठलेले आहे, तेव्हा विहिरीत पैसे न घालता खोल बोअर घ्यावा. नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यानेही त्यांचीच री ओढली. वडिलांनी विहीरच खोदली. वर वीतभर हलकी माती, मग मुरूम, त्याखाली पांढरे दाणे भरलेला मऊ मांजऱ्या दगड, मग गेरूचा तांबडा पट्टा आणि तळाला सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण, असे थर भिंतीत उघडे पडले. चिकण गेरू पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या नेमके वर ओल धरली आणि झरे लागले. आप्पांच्या बोअरमधून मात्र नुसता फुफाटा उडाला.

एकेका थराचा टणकपणा वेगळा असतो. मऊ थर लवकर झिजतो, टणक थर टिकून राहतो आणि तोच सपाट माथा होतो. पोकळी कुठेही नाही, म्हणून माथ्यावर राहणाऱ्यांनी बोअरच्या नादी न लागता उताराला समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी अडवून मुरवणारे एका पातळीतले आडवे खड्डे खणावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात खालच्या थराच्या सांध्यात किंवा एखाद्या फटीत बोअरला पाणी लागतेही, आणि गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या काळ्या जमिनीचा हिशेब निराळाच आहे.

बीडहून मांजरसुंब्याला जाताना घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे, तिथे हे थर पाहून घ्या. आप्पांनाही मी तिथे गाडी थांबवून ते दाखवले. पोकळी याच्याही खाली असणार, असे त्यांचे म्हणणे पडले.