फ्लॉरेन्समधलं ‘इन्नोचेंती’ हे जुनं अनाथालय आता संग्रहालय झालंय. लहान मुलीला घेऊन बघण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय की फ्लॉरेन्ससाठी दीडच दिवस आहे, बरोबर आठ वर्षांची मुलगी आहे, आणि यजमान म्हणतायत, सुट्टीत अनाथाश्रम कशाला, त्यापेक्षा उफिझी हे चित्रांचं मोठं संग्रहालय करू. हे शेवटचं वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले.

जा. उफिझी सुटलं तरी चालेल. उफिझीत तासाभराने तुमची मुलगी ‘आता किती राहिलं’ विचारायला लागेल, आणि तुम्हालाही खरं तर तेच विचारायचं असेल. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायला अकादेमिया संग्रहालयात जाणारच असाल, तर इन्नोचेंती तिथून चालत पाच मिनिटांच्या आत.

आता मी कोण सांगणारी? एका जिल्ह्याच्या गावच्या शिशुगृहात सत्तावीस वर्षं लेखनिक होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. मुलगा-सून म्युनिकला असतात, त्यांच्याकडे गेले होते तेव्हा इटली झाली. मुलगा तुमच्या यजमानांसारखंच बोलला, “आई, जन्म तिथे काढलास, आता इटलीत येऊनपण ड्युटी?” मी म्हटलं, हो, ड्युटी. तू आइस्क्रीम खा.

इमारत ज्याने फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा तो मोठा घुमट बांधला त्या ब्रुनेलेस्कीची. काम १४१९ साली सुरू झालं. प्रातो गावचा दातिनी नावाचा व्यापारी १४१० मध्ये वारला, त्याने मृत्युपत्रात हजार फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, ठेवले होते, त्यावर रेशीमवाल्यांच्या संघाने हे बांधायला घेतलं. मुलं यायला १४४५ साल उजाडलं. बांधकाम आणि निधी यांचं नातं तेव्हाही हेच होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. पुढच्या ओवरीला नऊ कमानी, करड्या दगडाचे खांब, आणि कमानींच्या मधल्या जागेत निळ्या वर्तुळात पांढरी बाळं. ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ साली केलेली, चकाकत्या भाजक्या मातीची. बाळं बाळुत्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली आहेत, तरी हात दोन्ही बाजूंना पसरलेले, घ्या म्हणून. एकदोघांच्या पट्ट्या सुटत आल्यात. ज्याने बाळं हाताळलेली नाहीत त्याला ते सुटणं सुचणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या चिन्हातही यातलंच एक बाळ आहे.

वरच्या मजल्यावर चित्रं आहेत. बोत्तिचेल्लीची एक मादोन्ना, म्हणजे येशूची आई मेरी, आहे, आणि गिरलांदायोचं १४८८ चं मोठं चित्र आहे, बाळ येशूला राजे भेटायला आलेत ते. त्यात पुढेच दोन लहान मुलं पांढऱ्या कपड्यांत गुडघे टेकून बसलीत, आणि नीट बघितलंत तर त्यांच्या अंगावर जखमा आहेत. बाळ येशू त्यांत मरावा म्हणून हेरोद राजाने मारवलेली ती निष्पाप बाळं, इन्नोचेंती. संस्थेचं नाव त्यांच्यावरून. मुलीला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कृष्णाच्या आधीची सहा भावंडं आपण चार वर्षांच्या पोरांना सांगतोच की.

पण मी सांगणार आहे ते खालचं. इतिहासाच्या भागात भिंतीत छोटे छोटे कप्पे आहेत, शंभराच्या वर, प्रत्येकावर एका मुलाचं नाव. कप्पा आपल्या हाताने ओढायचा. आत एकच वस्तू असते. अर्धं कापलेलं पदक. मोडलेलं नाणं. मणी, रिबिनीचा तुकडा, बटण. एकोणिसाव्या शतकातल्या या खुणा, तिथे ‘सेन्याली’ म्हणतात, म्हणजे खुणाच. आईने मूल सोडताना अर्धं पदक त्याच्या अंगावर बांधायचं आणि अर्धं आपल्याजवळ ठेवायचं. पुढेमागे परिस्थिती सुधारली तर आपला अर्धा घेऊन यायचं. कापलेली कड कडेला जुळली की मूल तिचं. मी ओढलेल्या एका कप्प्यात पदकाचा अर्धा होता, कात्रीने नागमोडी कापलेला, मुद्दाम नागमोडी, म्हणजे दुसऱ्या कुणाचा अर्धा चुकून जुळायला नको. वरच्या बाजूला दोरा ओवायचं भोक झिजून लांबट झालेलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांतली एक कुणी काढून ठेवावी तसं ते दिसत होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. कप्पा मी जरा जोरात लोटला असणार, कारण तिथली देखरेखीची बाई वळून बघून गेली.

रागाचं कारण आमच्याकडची प्रवेश नोंदवही. तारीख, वेळ, अंदाजे वय, वजन, कुणी आणलं, आणि शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना. आमच्या फाटकाशी पाळणा होता, घंटा होती. बाळ आलं की आया आत घ्यायची, आणि अंगावर काय आहे ते मी शेऱ्यात लिहायची. कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, या बाळाजवळ एवढंच आहे, तेवढं तरी कागदावर असावं. वस्तू असली की चिठ्ठी लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. काळे दोरे, ताईत, एक चांदीची वाळ्याची जोडी, एकदा नुसती एस.टी.ची दोन तिकिटं.

मग एक अधीक्षक आले. माणूस कामसू, हिशेब चोख, हे आधी लिहिते. पण शेरा वाचून म्हणाले, “बाई, ही नोंदवही आहे, कापडाचं दुकान नाही. ‘बेवारस, प्रकृती ठीक’ एवढं पुरे.” मी म्हटलं, साहेब, बेवारस कसं, कुणीतरी अंगाला तेल लावून आणलंय. त्यावर मला लेखी ताकीद मिळाली, कामाच्या वेळेत अनावश्यक मजकूर लिहिते म्हणून. तरी मी लिहीत राहिले, अक्षर बारीक केलं. आणि एका वर्षी तपासणी यायची होती म्हणून साफसफाई निघाली, तेव्हा मी दोन दिवस रजेवर. परत आले तर डबा नाही. घाण होती म्हणाले, जंतू होतात. वाळे तिजोरीत ठेवले होते, ते तेवढे वाचले, कारण चांदी.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक मुलगी आली. दत्तक जाऊन परदेशात वाढलेली, पंचविशीतली, बरोबर दुभाषी. आईचं नाव आमच्याकडे असतं तरी आम्हाला देता आलं नसतं, आणि नव्हतंच. पण तिने ते विचारलंच नाही. तिने विचारलं, मी आले तेव्हा माझ्या अंगावर काय होतं?

मी नोंदवही काढली. शेरा होता: ‘जुन्या लुगड्याचं हाताने शिवलेलं झबलं, उजव्या बाहीला रफू. कमरेला काळा करगोटा, त्यात भोकाचा तांब्याचा पैसा.’ ‘भोकाचा पैसा’ हे दुभाष्याला कळेना, तेव्हा मी कागदावर गोल काढून मध्ये भोक काढून दाखवलं. तो जुना इंग्रजी अमलातला पैसा, घरातली म्हातारी माणसं जपून ठेवतात आणि बाळाच्या कमरेला बांधतात. म्हणजे कुणा आजीने तो काढून दिला होता. मुलगी ते गोल बघत राहिली आणि म्हणाली, तो पैसा कुठे आहे?

काय सांगणार होते मी? जंतू होतात म्हणून टाकला?

तर साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर: फ्लॉरेन्सला पहिली मुलगी आली ती ५ फेब्रुवारी १४४५ ला. त्या दिवशी संत आगाथाचा सण, म्हणून नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. आपणही गोकुळाष्टमीला आलेल्याला मुरलीधर करायचो, कॅलेंडरातून. तिची नोंद अजून आहे. त्यांच्या वह्यांत मूल काय घालून आलं, कुठल्या दाईकडे दिलं, दाईला किती पैसे दिले, हे सगळं लिहिलेलं असायचं. कापडाचं दुकान! पावणेसहाशे वर्षं होऊन गेली, दुकान टिकून आहे, लोक तिकीट काढून बघतात.

माझा मुलगा तोवर गप्प झाला होता. सहा वर्षांची नात मात्र खुशीत, तिला कप्पे उघडायला मिळत होते, आणि प्रत्येक अर्ध्या नाण्याला ती विचारायची, उरलेलं कुणी खाल्लं? म्हणून म्हणते, आठ वर्षांची मुलगी घाबरणार नाही. मुलांना टाकून दिलेल्या मुलांची गोष्ट नवीन नसते, कर्ण त्यांना माहीत असतो. अवघडतो आपण.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. तिथे सगळं सोन्याचं होतं असं समजू नका. दूध पाजणाऱ्या दाया पुरायच्या नाहीत, मुलं गावाकडच्या दायांकडे पाठवायची आणि त्यांतली फार मोठी संख्या जगायची नाही. येणाऱ्यांत मुली जास्त असत, हे आपल्याला नवं नाही. खुणा असूनही परत नेलेली मुलं थोडीच. म्हणजे खूण ठेवली की सगळं जुळतं असा माझा दावा नाही. आणि अधीक्षकांची बाजूही आहे: चाळीसएक मुलं, रात्रपाळीला दोन आया, खरजेची साथ, आणि वर तपासणी. मला ते कळतं. डबा मात्र टाकायला नको होता.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे, यजमानांना सांगा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पंढरपूरला वारीच्या गर्दीत विधवांना आणून सोडायचे, तिथे लालशंकर उमियाशंकर या मुन्सफांनी १८७५ साली बालकाश्रम काढला, प्रार्थना समाजाने तो चालवला. आणि नेमकी १८७५ सालीच इन्नोचेंतीमधली मुलं ठेवायची खिडकी बंद झाली. योगायोग आहे, बाकी काही नाही, पण मला तिथे उभं राहून तो आठवला.

संस्था अजून चालू आहे, हेही लोकांना माहीत नसतं. लहान मुलांची काळजी घेणारं काम त्याच आवारात चालतं, युनिसेफचं संशोधन केंद्र १९८८ साली तिथेच सुरू झालं. संग्रहालय आताच्या रूपात २०१६ साली उघडलं. ‘इन्नोचेंती’ आडनावाची माणसं त्या भागात आजही भेटतात. आमच्या वहीत आडनावाच्या रकान्यात नुसती रेघ असायची.

तिकीट, वेळ, सुट्टीचा वार हे त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, मला बदललेलं माहीत नसणार. दीड तास धरा. अंगण आधी, मग तळातले कप्पे, चित्रं शेवटी, म्हणजे मुलगी दमली तर चित्रं सोडता येतील. वर गच्चीवर कॉफीची जागा आहे. पूर्वी तिथे बायका धुणं वाळत घालायच्या, आता घुमट बघत कॉफी पितात. सुनेला ती जागा सगळ्यात आवडली.

आणि यजमान अगदीच आत यायला तयार नसतील तर खिडकी बाहेरूनही दिसते, तिला तिकीट नाही. चौकात इमारतीकडे तोंड करून उभ्या राहा, ओवरीच्या डाव्या टोकाला जाळी आहे. गज एवढे जवळ की फक्त तान्हं बाळ आत जाईल, थोराड मूल कुणी ढकलू नये म्हणून. वरच्या शिलालेखात तिला ‘चाक’ म्हटलंय, इटलीत बऱ्याच ठिकाणी फिरतं चाक असायचं तसं. इथे चाक नव्हतं, आधी दगडी पात्र होतं आणि मग ही खिडकी. दगडात कोरलं तरी नोंद चुकलेली आहे.