दोन्ही दोर सारखे

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईशान्येतले नागा बंडखोर आणि दिल्ली सरकार यांच्यातल्या शांतता बोलण्यांवर लिहायला घेतलंस, ऊर भरून आला. तुझं टिपण दोनदा वाचलं. कोणी कधी सही केली ते सगळं त्यात आहे. सही कोणी केली नाही, ते मात्र हुडकावं लागतं. तेच आधी घे.

१९७५ चा शिलाँग करार बघ. दिल्लीने तो भूमिगत नागा बंडखोरांच्या काही प्रतिनिधींशी केला. मुइवा आणि इसाक स्वू या नागा नेत्यांनी तो धुडकावला आणि १९८० मध्ये खापलांग या तिसऱ्या नेत्याला घेऊन एनएससीएन ही बंडखोर संघटना उभी केली. १९८८ ला तीही फुटली. मग सरकारची शस्त्रसंधी इसाक-मुइवा गटाशी १९९७ ला, खापलांग गटाशी २००१ ला. एकाच घरातल्या दोन चुलींशी वेगवेगळी बोलणी.

२००१ च्या जूनमध्ये पहिल्या शस्त्रसंधीची भौगोलिक मर्यादा काढली, म्हणजे ती नागालँडबाहेरही लागू केली, आणि मणिपूरची राजधानी इंफाळ पेटलं. बोलणी नागांशी होती, पण इंफाळ खोऱ्यातल्या माणसाला वाटलं, आपली जमीन चालली. विधानभवन जाळलं, माणसं गेली, सरकारला मर्यादा काढणारे ते शब्द मागे घ्यावे लागले. तुझ्या टिपणात याला एकच ओळ! अख्खं प्रकरण दे.

लहानपणी रापणीचं जाळं ओढायला धावायचीस, आठवतं? होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते आणि दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात. एका बाजूने घाई केली की म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, केवढा ओरडायचा!

मी स्वतः एकदा रापणकर आणि यांत्रिक होडीतून मोठं जाळं टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांची बैठक बसवली होती. सह्या झाल्या, चहा झाला. खाडीपलीकडच्या वाडीला बोलवायचं माझ्याकडून राहिलं. अटी त्यांना मान्य होण्यासारख्याच होत्या, तरी कागद आठवडाभरही टिकला नाही. ती रुखरुख अजून आहे.

म्हणून इसाक-मुइवा गटाशी झालेला २०१५ चा आराखडा करार वाचताना २०१७ मध्ये इतर नागा गटांशी झालेला वेगळा करार शेजारी ठेव. नागांचा वेगळा ध्वज आणि वेगळी राज्यघटना या मागण्यांवर गाडी अडली, हे सगळेच लिहितात. एकाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या कानावर कसा पडला असेल, ते तू शोध.

गणपतीला येशीलच. तेव्हा त्या वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे नेतो. बोलावणं आलं नाही, ती गोष्ट ते अजून कशी सांगतात, ऐक.

तुझा,
काका