दायमाबादचा रथ आणि नावडातोलीची भांडी यांवरून आर्यांचं आगमन आणि पुराणांतल्या सहस्रार्जुन राजाची राजधानी माहिष्मती सिद्ध होते का?

एवढ्यावरून नाही. आम्ही इंदूरकर महेश्वरच्या घाटावर नेहमी जातो. समोर, नर्मदेपलीकडे नावडातोली. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी तिथं उत्खनन केलं. लांब तोटीची भांडी पाहून त्यांनी इराणशी नातं जोडलं. पण भांड्याचा घाट व्यापारातून, नकलेतूनही पोचतो. माणसं आली हे ठरवायला सांगाडे आणि डीएनए हवेत.

दायमाबादचं प्रकरण आणखी नाजूक. १९७४ मध्ये प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला रथ, गेंडा, हत्ती आणि म्हैस अशी चार शिल्पं मिळाली, वजन ६० किलोंहून जास्त. काय विलक्षण ओतकाम आहे ते! मात्र ती उत्खननाच्या थरात नव्हे, झाडाचं मूळ खणताना निघाली, म्हणून काळाचा वाद मिटत नाही. बरेच जण ती हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली (उत्तर हडप्पाकालीन) मानतात. धातूतल्या आर्सेनिकवरून पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवालांनी या काळाबद्दल शंका घेतली. आणि रथ बैलांचा आहे, घोड्यांचा नाही, हे आर्यांचा पुरावा म्हणून तो दाखवणाऱ्यांनी आधी पाहावं.

माहिष्मती महेश्वरला की मांधात्याला (ओंकारेश्वरला), यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. नावडातोलीच्या ताम्रपाषाण (तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या काळाच्या) थरांत लेखनच नाही, मग राजाचं नाव कुठून वाचणार?